आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थांमध्ये व्यवस्थापनाचं करिअर: निफाडहून वाट कशी काढावी?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी निफाड तालुक्यातली. राहुरीहून एम.एस्सी. (कृषी) केलं, विषय ॲग्रोनॉमी. सध्या आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत आहे. कांद्याची खरेदी, ग्रेडिंग, कांदाचाळीत (साठवणीच्या शेडमध्ये) माल भरताना आणि काढताना वजनं, सभासदांचे हिशेब, बँकेची कामं, सगळंच बघते. घरी थोडी द्राक्षं आणि उन्हाळ कांदा.

मध्यंतरी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटमध्ये (कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) एका प्रशिक्षणाला जायला मिळालं. तिथे एक बाई भेटल्या. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, पण तीन देशांत चाललेल्या एका प्रकल्पाची सूत्रं त्यांच्या हातात होती. पैसा कुठे अडलाय, बियाणं कुठल्या बंदरात पडलंय, कुठल्या सहकारी संस्थेचा अहवाल यायचाय, सगळं तोंडपाठ. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की मला हे काम करायचंय.

पण वाट कळत नाही. पीएच.डी. केल्याशिवाय दार उघडतं का? की एमबीए करावं? नोकरी कायम असते की कंत्राटी? घरचे म्हणतात एमपीएससीची कृषी सेवा दे आणि मोकळी हो. जाणकारांनी स्पष्ट लिहावं, वाईट वाटणार नाही.

---

कसमादे

वाचनखूण साठवली. पुतण्याला हाच प्रश्न पडलाय, तो देवळ्याला बसून ऑनलाइन कोर्स शोधतोय.

---

माळरान

रानजाई, माझी उभी नोकरी याच क्षेत्रात गेली. पाटणचेरू, मग नायजर, मग नैरोबी, आणि आता नाशिकला गंगापूर रोडला मुक्काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घराणी ओळखून घ्या. फिलिपिन्समधली भाताची इरी १९६० ची, मेक्सिकोतली मका-गव्हाची सिमिट १९६६ ची. १९७१ मध्ये जागतिक बँक, एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) वगैरेंच्या पुढाकाराने सीजीआयएआर हा गट उभा राहिला आणि अशी केंद्रं एका छत्राखाली आली. इक्रिसॅट १९७२ चं. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही त्याची पिकं. बटाट्याचं केंद्र पेरूत लिमाला, पशुधनाचं नैरोबीला, पाण्याचं कोलंबोला, धोरणांचं वॉशिंग्टनला. रोमची एफएओ आणि इफाड (कृषी विकासाला पैसा देणारा निधी) हा वेगळा गोतावळा, ती संयुक्त राष्ट्रांची घरं.

आता नाशिकच्या माणसाने एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या केंद्रांच्या मुख्य पिकांत द्राक्षही नाही आणि कांदाही नाही. टोमॅटो, मिरची, वांगी यांवर तैवानचं वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटर काम करतं, पण ते सीजीआयएआरच्या बाहेरचं. म्हणजे नुसता "मला कांद्याचा अनुभव आहे" असा अर्ज गेला तर वाचणारा पान उलटतो. तुम्ही कांद्याच्या निमित्ताने काय सांभाळलं, ते लिहायचं. काढणीनंतरचं नुकसान, शेकडो सभासदांचा विश्वास, खरेदीच्या दिवसांत रोकड पुरवणं. याची गरज मलावीच्या भुईमुगालाही आहे आणि केनियाच्या भाजीपाल्यालाही.

व्यवस्थापन म्हणजे काय, याबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत. लोकांना वाटतं अहवाल, एक्सेल आणि मीटिंगा. खरं काम आहे पैशाचं कॅलेंडर आणि पावसाचं कॅलेंडर जुळवायचं. साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, पाऊस जूनमध्ये लागतो आणि सप्टेंबरात संपतो. चाचणीचं बियाणं गावात मेअखेर पोचायला हवं, म्हणजे खरेदीची ऑर्डर फेब्रुवारीत निघायला हवी, म्हणजे करारावर सही हिवाळ्यातच. देणगीदाराच्या ऑफिसला यातलं काही दिसत नाही. त्यांचं आर्थिक वर्ष वेगळं, त्यांच्या वकिलांच्या सुट्ट्या वेगळ्या. आमच्या एका प्रकल्पाचा पहिला हप्ता ऑगस्टात जमा झाला. बाजरी तोवर गुडघ्याच्या वर गेली होती. कागदावर तीन वर्षांचा प्रकल्प, हातात हंगाम दोनच राहणार. तो पहिला हंगाम आम्हाला मिळाला, कारण तिथल्या राष्ट्रीय संस्थेच्या केंद्रप्रमुखाने मे महिन्यातच स्वतःच्या गोदामातलं बियाणं उधारीवर काढून दिलं होतं. कागद नव्हता, सही नव्हती. आधीच्या प्रकल्पात त्याचे पैसे आम्ही वेळेवर चुकते केले होते, एवढ्याच भांडवलावर. मॅनेजर म्हणून तुमची किंमत तिथे ठरते.

आणि हे फक्त पैशापुरतं नाही. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डाची (कोरड्या प्रदेशांतल्या शेतीवरचं केंद्र) बियाणे बँक होती. गहू, बार्ली, मसूर, हरभऱ्याचे जगात दुसरीकडे न मिळणारे वाण. तिथल्या लोकांनी युद्धाच्या आधीपासून नमुन्यांच्या प्रती बाहेर पाठवायचा शिरस्ता ठेवला होता, २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची जागतिक बियाण्यांची तिजोरी सुरू झाल्यावर तिकडेही. यादी, पाकिटं, करार, वाहतूक. अगदी कंटाळवाणं काम. युद्धात ती जागा सोडावी लागली आणि २०१५ मध्ये त्यांनी स्वालबार्डमधून बियाणं परत काढून लेबनॉन आणि मोरोक्कोत नव्याने वाढवलं. शास्त्रज्ञांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण वर्षानुवर्षं पाकिटं वेळेवर रवाना करणाऱ्या माणसांमुळेच ते वाण आज जिवंत आहेत.

पीएच.डी.बद्दल उद्या लिहितो, डोळे थकले.

---

येवलेकर

माळरान सर, बाजरीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या येवला-नांदगाव पट्ट्यात वडिलांच्या काळापासून आयसीटीपी ८२०३ पेरली जायची. टपोरा दाणा, लवकर येणारी. पुष्कळ वर्षांनी कळलं की तिचं मूळ आफ्रिकेतल्या टोगो देशातलं. तिथल्या इनियाडी नावाच्या गावठी बाजरीतून इक्रिसॅटने ती निवडली आणि १९८८ साली महाराष्ट्र-आंध्रसाठी आली. पुढे त्यातूनच जास्त लोहाची धनशक्ती निघाली, त्यात राहुरी विद्यापीठाचाही हात आहे.

टोगोतल्या शेतकऱ्याचं बी आमच्या भाकरीत आलं. रानजाई ताई, तुम्ही यात जाणार असाल तर आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्यांकडे लक्ष असू द्या. द्राक्षवाल्यांना विचारणारे खूप आहेत.

---

गव्हाणी

मी राज्याच्या कृषी विद्यापीठात गहू संशोधनात आहे, नाव-गाव नको. कुंदेवाडीचं केंद्र तुमच्या तालुक्यातलंच आहे, रानजाई. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे गव्हाचे वाण तिथलेच. नावंच बघा, सगळी आपल्या नाशकातली.

आंतरराष्ट्रीय काम बघायला विमानात बसावं लागत नाही, हे सांगायला आले. सिमिटच्या आंतरराष्ट्रीय नर्सऱ्या भारतभरच्या केंद्रांवर वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. एका खोक्यात छोटी छोटी कागदी पाकिटं, प्रत्येकावर नंबर, आत मूठभर दाणे. ते ओळीत पेरायचे, ओंबी कधी आली, तांबेरा किती, उंची किती, उत्पन्न किती, हे ठरलेल्या तक्त्यात भरून परत पाठवायचं. तोच संच त्याच वर्षी इतर कितीतरी देशांत पेरलेला असतो. बियाणं देशात आणायला एनबीपीजीआरचा (दिल्लीतली वनस्पती जनुकसंपत्तीची राष्ट्रीय संस्था) आयात परवाना, रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र, साहित्य हस्तांतराचा करार, हे सगळं कुणीतरी सांभाळतं. आमच्याकडे ते शास्त्रज्ञच रात्री जागून करतात, कारण त्यासाठी वेगळा माणूस नाही. तुमच्यासारखी व्यवस्थापनात रस असलेली कृषी पदवीधर मुलगी अशा केंद्रावर वर्षभर सीनियर रिसर्च फेलो म्हणून राहिली, तर दोन्ही बाजू कळतील.

एमपीएससी देऊच नका असं मी म्हणणार नाही. तालुका कृषी अधिकाऱ्याला जे दिसतं ते लिमात बसून दिसत नाही.

---

बागायतदार_दिंडोरी

सगळं वाचलं. कडवट लिहितोय, पण मनापासून. सरकारी विद्यापीठात लोकांच्या पैशावर शिकायचं आणि मग नैरोबीला जायचं? २०१० मध्ये आमची द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे अडकली, तेव्हा कंटेनर परत यायच्या बातम्या ऐकून माणसं झोपली नाहीत. तेव्हा या आंतरराष्ट्रीय संस्थांतला कुणी आमच्या बांधावर आला नाही. हुशार पोरं इथे राहिली पाहिजेत.

---

माळरान

बागायतदार दादा, तुमचा राग मला परका नाही. त्या वर्षी माझ्या मामेभावाचीही बाग होती. पण त्या धड्यातून काय उभं राहिलं ते तुम्हीच बघितलंत. प्लॉटची नोंदणी, रेसिड्यू तपासणी, फवारणीची वही, माल कुठल्या बागेतला ते खोक्यावरून कळणं. हे शिकलेला माणूस मलावीत सोन्यासारखा असतो. तिथे भुईमुगात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष निघतं आणि युरोपची बाजारपेठ त्याच कारणाने हातची जाते. मी तिथल्या लोकांना नाशिकची स्प्रे-वही काढून दाखवली आहे, अगदी रकान्यांसकट. त्यांनी स्वतःच्या भाषेत तशी बनवली.

आणि उलटंही होतं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत २०२२ मध्ये युरोपातून गुंतवणूक आली, त्यात नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को होती. या दोन्ही विकासासाठी पैसा लावणाऱ्या संस्था. त्यांच्याशी बोलताना त्यांची भाषा येणारी माणसं टेबलाच्या आपल्या बाजूला हवीत. ती कुठून येणार?

अजून एक. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतून परागंदा झाले आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर, गव्हावर काम करू लागले. तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. सिमिट उभी राहिली ती त्याच टेक्सकोको भागात, पुढे चार दशकांनी. मराठी माणूस या वाटेवर संस्था निघायच्या आधीपासून आहे. त्यांना देशाचा विसर पडला असं कुणी म्हणेल का?

आता पीएच.डी. संशोधनाच्या बाजूला जायचं तर ती लागतेच, वाद नाही. व्यवस्थापनाच्या बाजूला मास्टर्स आणि कामाचा अनुभव यावर आत शिरता येतं, पण वर जाताना अडतं. शास्त्रज्ञांच्या बैठकीत बिनडॉक्टरेटचा माणूस बोलला की पहिली काही वर्षं ऐकणारे कमी. मी स्वतः पीएच.डी. करून मग व्यवस्थापनात आलो. तरी तुम्हाला लगेच पीएच.डी. कर असं सांगणार नाही. आधी दोन-तीन वर्षं इथल्या कुठल्यातरी केंद्राच्या प्रकल्पात. पाटणचेरू आहे, वाराणसीला इरीचं दक्षिण आशिया केंद्र आहे, लुधियाना-जबलपूर-समस्तीपूरला बोरलॉग इन्स्टिट्यूट आहे. तिथे हात काळे झाले की स्वतःलाच कळतं, प्रश्न विज्ञानाचा आवडतो की माणसांचा.

---

उत्तरा_न

देवळालीची, सध्या पूर्व आफ्रिकेत. मॉनिटरिंग-इव्हॅल्युएशनमध्ये आहे, म्हणजे प्रकल्पाचा खरंच उपयोग होतोय का ते मोजायचं काम. या क्षेत्रात बायकांना कुणी सांगत नाही ते सांगते.

नोकरी कायम नसते. दोन किंवा तीन वर्षांचा करार, तो प्रकल्पाच्या पैशाला बांधलेला. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. एकाच संस्थेत दोन प्रकारची माणसं असतात: आंतरराष्ट्रीय भरतीची आणि स्थानिक भरतीची. पगार, घरभाडं, मुलांची फी, सगळ्यात मोठी दरी. पाटणचेरूला भारतीय म्हणून लागलात तर बहुधा स्थानिक श्रेणी मिळते. तेच काम केनियात केलंत तर चित्र बदलतं. म्हणून बरेच जण एकदा देश बदलतात. पहिल्या करारावर सही करण्याआधी भविष्यनिर्वाह, आजारपणाचा विमा, परतीचं तिकीट आणि बाळंतपणाची रजा ही चार कलमं स्वतः वाचा. एचआरने तोंडी सांगितलेलं धरू नका.

संयुक्त राष्ट्रांच्या जेपीओ (ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर) जागांच्या जाहिराती दिसतील. त्या मुख्यतः पैसे देणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी असतात, त्यात वेळ घालवू नका. यूएन व्हॉलंटियरची वाट भारतीयांना खुली आहे. शिक्षणासाठी जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्त्या बघा. त्यांना पदवीनंतरचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे.

भाषा शिका. पश्चिम आफ्रिकेत फ्रेंचशिवाय तुम्ही पाहुण्याच राहता. शेतकरी बाईशी दुभाष्याकरवी बोलणं आणि थेट बोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक. दुभाषा बहुतेकदा पुरुष असतो. त्याच्यासमोर बाई "सगळं ठीक आहे" म्हणते आणि गप्प बसते. एका गावात नवीन वाण बायकांनी का सोडलं ते आम्हाला दोन वर्षं कळत नव्हतं. तक्त्यात उत्पन्न चांगलं दिसत होतं. मी मोडक्यातोडक्या स्वाहिलीत चुलीपाशी बसून विचारलं, तर कळलं की शिजायला फार लाकूड लागतं. सरपण आणायचं त्यांना. आमच्या प्रश्नावलीत सरपणाचा रकानाच नव्हता. पुढच्या हंगामाला तो घातला, आणि शिजण्याचा वेळ निवडीच्या निकषांत आणायला पैदासकारांनी मान्यता दिली. माझ्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

आणि २०२५. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, १ जुलैपासून यूएसएड या त्यांच्या सरकारी मदतसंस्थेने मदतीचं काम बंदच केलं. तिच्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांतल्या बहुतेक इनोव्हेशन लॅब्ज (शेती संशोधनाचे गट) बंद पडल्या, केंद्रांमधली माणसं घरी गेली. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी पंधरवड्यात सामान बांधून निघाली. मुलं शाळेत होती, वर्ष मध्यावर. हे पाहून या क्षेत्रात यायचं की नाही ते ठरवा. मी राहिले, कारण शेतकऱ्याचा प्रश्न संपलेला नाही. पण एक पाय आपल्या मातीत ठेवा. इथल्या संस्थेशी, इथल्या कंपनीशी नातं तोडू नका.

---

लेखापाल_कॉलेजरोड

सीए आहे, परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांचं ऑडिट करतो. रानजाईंनी जे काम निवडलंय त्यातला मोठा भाग माझ्या टेबलावर येतो.

भारतात असे प्रकल्प चालवायचे तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा कायदा, समजून घ्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. पूर्वी मोठी संस्था निधी घ्यायची आणि गावोगावच्या लहान संस्थांना वाटून द्यायची, ती पद्धत संपली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रस्ताव लिहिणारे तरुण हे न बघता "स्थानिक भागीदारांना निधी" असं कलम टाकतात आणि मंजूर झालेला प्रकल्प अडकतो. जिला हे आधी कळतं, तिला कुठलाही प्रमुख सोडत नाही.

तुमच्या कंपनीच्या ताळेबंदावर तुम्ही बसत असाल तर तो अनुभव रेझ्युमेत पहिल्या पानावर घ्या.

---

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. दोनदा वाचून काढलं, वडिलांनाही वाचून दाखवलं. बागायतदार काकांचं त्यांना जास्त पटलं, उत्तरा ताईंचं आईला.

मी ठरवलंय की सध्या पीएच.डी.ला नाव घालत नाही. इथल्या केंद्रांच्या प्रकल्पांत अर्ज करते आणि त्याआधी हातातल्या कामाचं एक टिपण तयार करते. पहिला परिच्छेद खाली देतेय, कृपया चिरफाड करा.

"निफाड तालुक्यात उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने निघतो. सडणं, कोंब येणं आणि वजन घटणं यामुळे शेतकऱ्याला भाव चढण्याआधीच विकावं लागतं. आमच्या सभासदांच्या चाळी दोन प्रकारच्या आहेत: खालून हवा खेळणाऱ्या आणि जमिनीलगत भरलेल्या. दोन्हींत भरताना आणि काढताना वजनं घेऊन घट मोजायची, आणि विक्रीच्या निर्णयावर तिचा काय परिणाम होतो ते नोंदवायचं, असा हा प्रस्ताव आहे."

---

गव्हाणी

चांगलं आहे. पण भरताना कांदा किती वाळवला होता ते लिहायला हवं. शेतावर पातीसकट सुकवलेला आणि घाईने भरलेला माल एकाच चाळीत वेगळा वागतो. वाण आणि खताची शेवटची मात्रा कधी दिली तेही नोंदवा, नाहीतर फरक चाळीचा की कांद्याचा, सांगता येणार नाही.

---

उत्तरा_न

विक्रीचा निर्णय घरात कोण घेतं, तो प्रश्न घाला. आणि चाळीतला सडका कांदा निवडायला कोण बसतं, किती तास. ते काम बायकाच करतात आणि कुठल्याही हिशेबात येत नाही.

---

माळरान

"निर्यातबंदी" हा शब्द कुठेच नाही. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ बंदी होती. बंदी उठायच्या सुमारास चाळीत भरलेला कांदा किती टिकला याला भावाच्या दृष्टीने वेगळाच अर्थ आला. तुमच्या वहीत त्या महिन्यांची नोंद असेल तर तेवढ्यासाठी धोरणवाले लोक तुमचं टिपण वाचतील. इफ्प्रीचं, म्हणजे वर सांगितलेल्या वॉशिंग्टनच्या धोरण केंद्राचं, दिल्लीत ऑफिस आहे, पुढच्या मसुद्यानंतर कुणाला पाठवायचं ते व्यनि (खासगी निरोप) करतो.

---

लेखापाल_कॉलेजरोड

बजेटमध्ये वजनकाट्याचं कॅलिब्रेशन आणि निवडणाऱ्या बायकांची मजुरी धरा. उत्तरा ताईंचा प्रश्न विचारणार असाल तर त्यांच्या वेळेचे पैसेही द्यावे लागतील.